भरती पोचते तिथे गावे का वसली?

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर ही बाजारपेठेची जुनी गावे शोधा. ती समुद्रावर नाहीत आणि घाटाच्या पायथ्याशीही नाहीत. मधेच, नद्यांच्या काठी आहेत. असे का असावे?

सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत इथे अंतर साधारण ५०-६० किलोमीटरच. नद्या आखूड. कड्यावरून त्या वेगाने उतरतात आणि सखल भागात भरतीच्या पाण्याला भेटतात. भरती जिथवर चढे, तिथवर गलबते आणि मचवे तिच्याबरोबर येत आणि ओहोटीबरोबर परत जात. तरंगणाऱ्या मालाचे वजन पाणीच पेलते. बैलाच्या पाठीवर घातले की तेच वजन घाटभर चढवावे लागते. म्हणून व्यापारी माल होईल तितका आत पाण्यावरून आणीत, आणि होडी अडे तिथे बाजार उभा राही. पुढे चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे, राजापूरहून अणस्कुरा घाटाने कोल्हापूरकडे. राजापूरला इंग्रजांनी वखार घातली ती उगाच नव्हे. तिच्यावर शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये धाड घातली.

भरतीची वेळ काढायला कोकणातल्या माणसाला पंचांग पुरे. तिथीची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सुमारे सहा वाजता. चंद्रामुळे भरती दर तिथीला सरासरी ४८ मिनिटे उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांची चूक तोंडी हिशेबात खपून जाते! (पौर्णिमेपर्यंत ती किती होते, ते तुम्हीच काढा.)

पण जिथे नदी भरतीला भेटते, तिथेच तिचा वेग मंदावतो. प्रवाहाचा वेग निम्मा झाला, तर त्याला ढकलता येणाऱ्या सर्वांत जड दगडाचे वजन चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. बाकीचे सारे तळाशी बसते. अशा रीतीने खाड्या गाळाने भरत गेल्या आणि गलबते मागे हटली. बाजार मात्र हलला नाही. कचेऱ्या, शाळा, दुकाने तिथेच होती. मुंबई-गोवा रस्ता याच गावांवरून गेला, आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेचीही स्थानके खेड, चिपळूण, संगमेश्वरला झाली. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर घसरली, तरी चिपळूण वाढले. खेडी ओसरली, नदीकाठ दाटला.

आता २२ जुलै २०२१ चा दिवस घ्या. त्या दिवशी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. मुख्य कारण अतोनात पाऊस, यात शंका नाही. पण तिथी पाहा: आषाढ शुद्ध त्रयोदशी. १३ ची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे सकाळी पूर्ण भरती, तीही पौर्णिमेजवळची, उधाणाची. पाणी वाहते ते पृष्ठभागाच्या उतारामुळे. भरतीने खालचे टोक उचलले, की उतार कमी होतो, निचरा मंदावतो आणि वरून येणारे पाणी गावात साठते. त्यात पात्र गाळाने उथळ झालेले. होड्यांना आत आणणारी भरती ती हीच.

तुमच्या जवळ खाडी असेल, तर पाऊस नसलेल्या दिवसांत शिक्षकांबरोबर एक प्रयोग करा. खाडीच्या तोंडाशी एक आणि आतल्या धक्क्यावर एक, अशा सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या उभ्या रोवा. दोन तुकड्यांनी दर दहा मिनिटांनी पाण्याची उंची टिपावी आणि एकाच आलेखकागदावर दोन्ही वक्र काढावेत. दोन शिखरांमध्ये काही मिनिटांचे अंतर दिसेल. भरतीला खाडी चढून यायला तेवढा वेळ लागतो.