चेंगदूच्या मुलांबरोबर शिवारात

चेंगदूच्या एका विद्यापीठात मी इंग्रजी शिकवायचे. मार्च उजाडला की शहराबाहेरची तेलबियांची शेतं पिवळीधमक होतात आणि मुलं मागे लागतात, ‘लाओशी, गावाकडे जाऊ या!’ लाओशी म्हणजे मी, त्यांच्या बाई. अशा सहलींतून जे उमगलं ते तिकडे शिकवायला जाणाऱ्या कुणा मराठी शिक्षकाच्या उपयोगी पडावं, म्हणून लिहिते आहे.

१. बेत मुलांनाच आखू द्यावा.
चीनमध्ये वर्गाचा बानझांग म्हणजे नुसता मॉनिटर नव्हे. एकाच वर्गाची मुलं वर्षानुवर्षं एकत्र शिकतात, वसतिगृहात एकत्र राहतात आणि त्यांचं सगळं व्यवहाराचं काम हा बानझांग बघतो. गाडी, विमा, कोण येणार, कुणाला गाडी लागते, हे त्याला तोंडपाठ असतं. विद्यापीठाची लेखी परवानगी तेवढी आपण जातीने घ्यावी. आणि एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग असतो, तेव्हा सहल ठेवू नये. त्या दिवसांत घरोघरची माणसं पूर्वजांची थडगी झाडायला जातात, मुलांनाही घरी जायचं असतं.

२. जेवणाचं आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.
शेतकऱ्याच्या अंगणात जेवायचं, चहा प्यायचा, पत्ते कुटायचे, याला तिथे नोंगज्याले म्हणतात. चेंगदूला लागून असलेल्या पीदू भागात १९८०च्या दशकात ही पद्धत रुळली. शाकाहारी माणसाने ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही, कारण साधी पालेभाजीसुद्धा डुकराच्या चरबीत परततात. ‘तेलात करा’ असं वेगळं सांगावं लागतं. सिचुआनी मिरी जिभेला मुंग्या आणते. ती आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातली, त्यामुळे मालवणी माणसाला तिचं नवल वाटायचं नाही.

पीदूचं दोबान मात्र मुलांसोबत उभं राहून बघावं. बाकल्याच्या शेंगांचे दाणे आणि लाल मिरच्या मीठ घालून मातीच्या रांजणांत आंबवतात. ऊन असलं की झाकण काढायचं, पाऊस आला की घालायचं आणि रोज तळापासून ढवळायचं. आम्ही गेलो त्या घरच्या आजींनी दांडा माझ्या हाती दिला. वरचा थर काळपट होता, ढवळल्यावर खालून लालभडक निघाला, आणि वास असा आला की मुलं तिथेच भात मागायला लागली.

३. सगळ्या मुलांचं गाव एक नसतं.
हे सगळ्यांत महत्त्वाचं. शहरातली मुलं फुलांत शिरून फोटो काढतात आणि काही बांधावरच उभी राहतात. ती गावातली असतात. त्यांचे आईबाप ग्वांगदोंगच्या कारखान्यांत, वाढवलं आजी-आजोबांनी, आणि विद्यापीठाची जागा त्यांनी जूनच्या प्रवेशपरीक्षेत जीव ओतून मिळवलेली. त्यांच्यासमोर ‘किती शांत, किती सुंदर खेड्यातलं आयुष्य’ असं म्हणू नये. शेतीतलं विचारावं. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, ‘हे पीक काढणार कधी?’ तिने एक झाड वाकवलं, खालच्या शेंगा दाखवल्या, भाताची लावणी अडू नये म्हणून हे पीक मेमध्ये कसं उरकावं लागतं ते सांगितलं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण मी एकही चूक दुरुस्त केली नाही.

४. दूज्यांगयेन बघायचंच, पण माहिती गावच्या मुलांकडून ऐकावी.
मिन नदी डोंगरातून मैदानात उतरते तिथे ली बिंग या सुभेदाराने इ. स. पू. २५६च्या सुमारास हे पाटबंधाऱ्याचं काम हाती घेतलं. नदी अडवलेली नाही, मधल्या बांधाने दुभागली आहे. आतला फाटा खोल, बाहेरचा रुंद. पाणी कमी असलं की दहातले सहा वाटे आत शेतीकडे येतात, पूर आला की तेवढेच बाहेरून निघून जातात. गाळ मात्र उपसत राहावा लागतो. त्या मुलीचे आजोबा हिवाळ्यात या कामावर जायचे, बांबूच्या लांबलचक करंड्यांत नदीतले गोटे भरायला.

‘तुमच्याकडे पाणी कसं येतं?’ तिने मला विचारलं. मी लातूर जिल्ह्यातली. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, ते सांगितलं. बाकीची मुलं ‘रेल्वेने!’ म्हणून थक्क झाली. तिने विचारलं, ‘आणि शेताला?’ शेताला काहीच नव्हतं. तेही सांगितलं.

५. भूकंपाची गोष्ट आपणहून काढू नये.
१२ मे २००८च्या भूकंपात याच भागातल्या शाळा कोसळल्या. माझे विद्यार्थी तेव्हा शाळेत होते. शांघायच्या मदतीने पुन्हा उभ्या राहिलेल्या वस्त्या दिसल्या आणि मला किल्लारीची पुनर्वसित गावं आठवली. एका मुलाने माझ्याकडे बघून विचारलं म्हणून तिथल्या १९९३च्या भूकंपाचं सांगितलं, विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट. मग तो त्याचं बोलला. ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे.

६. परतल्यावर सहलीवर निबंध मागू नये.
ही मुलं लहानपणापासून परीक्षेसाठीच लिहीत आली आहेत. त्यापेक्षा तासाला एखादा खरा प्रश्न टाकावा. मी विचारलं, ‘चेंगदू वाढत वाढत ही शेतं खाणार. चालेल?’ शहरातली बरीच मुलं ‘नाही’ म्हणाली. शेंगा दाखवणारी ती मुलगी उभी राहिली. ‘मेट्रो आमच्या गावापर्यंत यायला हवी,’ ती म्हणाली. ‘मग आई-बाबांना ग्वांगदोंग सोडून इथे काम मिळेल.’ पुढच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, ‘आणि आजोबांची जमीन?’ तास संपल्याची घंटा झाली तरी त्यांचा वाद चालूच होता.