सीसीएनएसाठी शिकवणी की स्वाध्याय?

प्रश्न : मी पदविकाधारक असून सीसीएनए परीक्षा देऊ इच्छितो. शिकवणी लावावी की घरीच अभ्यास करावा?

उत्तर : या परीक्षेस सिस्को कंपनीने पूर्वशिक्षणाची अट घातलेली नाही, आणि १२० मिनिटांच्या त्या एकाच परीक्षेत वर्गाच्या हजेरीचा दाखला कोणी मागत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. आठवड्याभरात सारा अभ्यासक्रम उरकणारे शीघ्रवर्ग, ज्यांनी वर्षानुवर्षे राउटर हाताळले आहेत अशांच्या उजळणीस उपयुक्त असले, तरी आपल्यासारख्या नवशिक्यास त्यांची शिफारस मी करणार नाही. कारण सबनेटचे गणित केवळ ऐकून नव्हे, तर कागदावर नित्य सोडवूनच अंगवळणी पडते. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचे विनामूल्य साधन घेऊन त्यात व्हीलॅन व ओएसपीएफ यांची रचना स्वहस्ते करावी, ती मुद्दाम बिघडवावी आणि दोष कोठे आहे याचा छडा लावावा; हा सराव मला सर्वांत मोलाचा वाटतो. स्वयंशिस्त टिकत नसेल, तर मात्र सिस्को नेटवर्किंग अकादमीचे तीन क्रमिक अभ्यासक्रम चालविणाऱ्या एखाद्या महाविद्यालयात नाव नोंदवावे. चोरीच्या प्रश्नसंचांच्या नादी कदापि लागू नये. तो प्रकार उघडकीस आल्यास प्रमाणपत्रच रद्द होऊ शकते.