प्लेन कॉटन टी-शर्ट: माल भरण्याआधी दोन सॅम्पलची तुलना कशी करायची?

व्हिडिओत मी टी-शर्ट कापून, धुऊन, मोजून दाखवलाय. पण बघता बघता आकडे लिहून घेता येत नाहीत, असं बरेच जण म्हणतात. म्हणून सगळं इथे लिहून देतोय.

मागच्या बॅचमधल्या एका ताईंनी बचत गटातून कर्ज घेतलंय. घराच्या पुढच्या खोलीत जेंट्स टी-शर्टचं छोटं दुकान टाकायचंय. पहिली ऑर्डर शंभर नगांची. हातात दोन सॅम्पल, दोन्हींवर एकच मजकूर: १०० टक्के कॉटन, १८० जीएसएम, बायोवॉश. एक १४५ रुपयांना, दुसरं १७० ला. ताई म्हणाल्या, "सर, दोन्ही हाताला सारखीच मऊ लागतात, मग मी नगामागे पंचवीस रुपये जास्त का देऊ?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण होलसेलच्या काउंटरवर हाताला जे लागतं, त्यात कापड किती आणि सॉफ्टनर किती हे कळत नाही. नव्या मालावर सिलिकॉन सॉफ्टनरचा हात मारलेला असतो. धुता धुता तो कमी होत जातो आणि मग खाली काय होतं ते दिसतं. आपलं गिऱ्हाईक टी-शर्ट घालतं ते धुतल्यानंतरच्या कापडावर. म्हणून तुलनाही तिथेच करायची.

प्रत्येक सॅम्पलचे दोन नग विकत घ्या. फुकट मागू नका, फुकटात तो निवडून चांगला नग देतो. एक नग कोरा ठेवायचा, एक धुवायचा.

धुण्याआधी मापं घ्या. टी-शर्ट टेबलावर सपाट पसरा, ओढू नका. छाती म्हणजे एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंत. लांबी म्हणजे गळ्याजवळच्या खांद्याच्या वरच्या टोकापासून खालच्या घडीपर्यंत. खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत, आणि बाहीची लांबी. ही चार मापं वहीत लिहा. लेबलवरचं "एल" वाचून काहीच कळत नाही. एकाचा एल सपाट २० इंच भरतो, दुसऱ्याचा २१, ओव्हरसाइज्डवाल्याचा तर त्याहून मोठा. २० आणि २१ म्हणजे गोल मापात दोन इंचांचा फरक, एक अख्खी साईज!

आता तीन वेळा धुवा. आणि गिऱ्हाईकाच्या घरी धुतात तसं धुवा: बादली, पावडर, पिळून उन्हात. प्रत्येक वेळी पूर्ण वाळू द्या. मग तीच चार मापं परत घ्या. टी-शर्टचं विणलेलं कापड बहुतेक वेळा रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं. २८ इंचांचा नग पाच टक्के आटला तर २६.६ उरतो. जवळजवळ दीड इंच गेला. थोडं पोट असलेला माणूस असा टी-शर्ट घालून बाईकवर बसला की मागून कंबर उघडी पडते, आणि तो दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात. मी तीन टक्क्यांपर्यंत चालवून घेतो, त्यापुढे तो सप्लायर माझ्यासाठी बाद.

धुतलेला नग परत पसरला की बाजूची शिवण बघा. ती काखेतून सरळ खाली यायला हवी. ती फिरून पोटावर आली असेल तर कापड पिळलंय. सिंगल जर्सी कापडात सुताला जास्त पीळ असेल आणि फिनिशिंग नीट झालं नसेल तर असं होतं. इस्त्रीने तात्पुरतं सरळ होतं, पुढच्या धुण्याला परत फिरतं. तुकडे नीट उभ्या रेषेत कापले नसतील तरी हाच प्रकार. ही खोट नव्या नगात दिसतच नाही. माझ्या मते सगळ्या तपासण्यांतली हीच सगळ्यात कामाची, आणि सगळ्यात कमी लोक करतात.

गळा बघा. रिब मनगटाएवढी ओढून सोडा, जागेवर बसली पाहिजे. धुतल्यावर लाटा आल्या तर समजा, रिबमध्ये लायक्रा नाही किंवा शिवताना ओढून बसवलीय. आतून मागच्या मानेला टेप लावलेली असेल तर उत्तम.

जीएसएमबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे जास्त गोंधळ होतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मोजायला महागडा कटर नको. कोऱ्या नगातून बरोबर १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा, येईल त्या ग्रॅमला शंभराने गुणा. १.८ ग्रॅम आलं तर १८०. १.६ आलं तर तुम्हाला १६० चा माल १८० सांगून विकताहेत. तुकडा कोऱ्या नगाचाच घ्या, कारण आटलेलं कापड दाट होतं आणि जीएसएम आपोआप वाढून दिसतो.

पण १८० आलं म्हणजे क्वालिटी चांगली, असंही नाही! जीएसएम जाडी-वजनाचा आकडा आहे, सुताच्या दर्जाचा नाही. कोम्ब्ड सुतात आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, त्यामुळे कापड गुळगुळीत राहतं आणि गोळे कमी धरतं. कार्डेड सुतात ते आखूड तंतू आतच राहतात. कोम्ब्डचा १६० चा टी-शर्ट वर्षभर दिसायला नीट राहील आणि कार्डेडचा १८० चा दोन महिन्यांत गोळे धरेल, असं सहज होऊ शकतं. बायोवॉशमध्ये एन्झाइमने वरची लव काढतात, पण आत आखूड तंतू असतील तर घासून ती परत वर येते. तिरुपूरच्या सप्लायरशी बोलताना फक्त "जीएसएम किती?" विचारू नका, "सूत कोम्ब्ड की कार्डेड, काउंट किती?" हेही विचारा. बोलण्याचा सूर लगेच बदलतो. आणि विदर्भातल्या मे महिन्यात २२० जीएसएम विकायला ठेवू नका, तो माल दिवाळीनंतरचा.

शंभर टक्के कॉटन आहे का हे बघायला दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. कॉटनला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. गडद रंगावर ओला पांढरा रुमाल घासून रंग निघतो का तेही बघा.

आता ताईंचे पंचवीस रुपये. समजा दोन्ही माल २९९ लाच विकायचाय. १४५ वाल्यात शंभर नगांवर १५,४०० सुटतात, १७० वाल्यात १२,९००. फरक २,५०० चा. आता स्वस्त मालातले नऊ नग आटून परत आले आणि पैसे परत द्यावे लागले तर २,६९१ गेले, आणि ते नग परत विकताही येत नाहीत. म्हणजे शंभरात नऊ! मला बीबीएला मार्जिनची सगळी सूत्रं शिकवली, परत आलेला धुतलेला टी-शर्ट मात्र कुठल्याच सूत्रात नव्हता. न भांडता गुपचूप दुसऱ्या दुकानात गेलेली गिऱ्हाइकं यात धरलेलीच नाहीत. अर्थात, १४५ वालं सॅम्पल सगळ्या तपासण्यांत पास झालं, तर बिनधास्त तेच घ्या. महाग म्हणजे चांगलं असा काही नियम नाही.

ऑर्डर देताना पसंत पडलेल्या सॅम्पलच्या कोऱ्या नगावर सप्लायरची सही घ्या आणि तो आपल्याकडे ठेवा. (म्हणून जीएसएमचा तुकडा कापायला तिसरा नग घेतलात तर बरं.) बिलावर जीएसएम आणि साईजप्रमाणे छातीचं माप लिहून घ्या. माल आला की वरचा नग बघून पैसे देऊ नका. गठ्ठ्याच्या मधून दोन-तीन नग काढा, त्यात एक तरी डबल एक्सएल असू द्या. एका साईजपासून पुढच्या साईजला सपाट छातीत एक इंच वाढायला हवा. काही जण कापड वाचवायला एक्सएल आणि डबल एक्सएलमध्ये अर्धाच इंच ठेवतात. मोठ्या मापाचं गिऱ्हाईक आधीच दहा दुकानं फिरून आलेलं असतं, त्याला फिटिंग मिळालं तर एकदम तीन नग घेऊन जातं.