पिकअप गाडीचा तोल : जाड स्टॅबिलायझर बसविण्यापूर्वी



आडसाली लागणीचे दिवस आले की बेण्याची ने-आण सुरू होते. पूर्वी हे काम बैलगाडीचे होते, आता बहुतेक गावांत ते पिकअप गाडी करते. दोन डोळ्यांची टिपरी लावायची म्हटली तर एकराला सुमारे दहा हजार लागतात. एवढे बेणे एकाच खेपेत आणायचे म्हणून हौदा फाळक्याच्या वरपर्यंत भरतो, त्यावर खताची पोती चढतात आणि कधीकधी त्याहीवर लागणीच्या बायका बसतात. जुलै-ऑगस्टचा पाऊस, कॅनॉलकडेचा निसरडा रस्ता आणि पुढे वळण! अशा वेळी गाडी एका अंगाला कलते व ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो.

“गाडी वळणावर लई झुकते, जाड स्टॅबिलायझर टाकावा काय?” असा प्रश्न सभासद आता विचारू लागले आहेत. प्रश्न उसाचा नसला तरी ऊस उत्पादकाच्या जिवाचा आहे. म्हणून त्याची उकल येथे करीत आहोत.

स्टॅबिलायझर काय काम करतो?

गाडीच्या खाली वाकून पाहिले तर पुढच्या दोन चाकांच्या मध्ये इंग्रजी यू अक्षरासारखा वाकविलेला एक पोलादी दांडा बहुतेक गाड्यांत दिसतो. त्याचा मधला भाग रबरी बुशांत बसवून चॅसीला धरलेला असतो आणि दोन्ही टोके लिंकने चाकांच्या आर्मला जोडलेली असतात. मागे, पाट्यांच्या बाजूला, पुष्कळ पिकअपना असा दांडा नसतोच.

दोन्ही चाके एकाच वेळी उचलली, उदाहरणार्थ स्पीडब्रेकरवर, तर दांडा बुशांत नुसता फिरतो. तेव्हा तो काहीच करीत नाही. पण वळणावर बाहेरची बाजू दबते आणि आतली उचलते, तेव्हा दांड्याला पीळ पडतो. दोघांनी ओले धोतर पिळावे तसा हा पीळ असतो. फरक एवढाच, की पोलाद तो पीळ उलगडू पाहते आणि त्यामुळे गाडी कमी कलते.

दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. दांडा १० टक्के जाड केला तर ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. २० मि.मी. ऐवजी २४ मि.मी. जाडीचा भरीव दांडा घातला तर तो दुपटीहून थोडा अधिक होतो. चार मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, पण गाडीला ते पुष्कळ जाणवतात. यासाठी “मिळेल तो जाड दांडा टाका” असे मेस्त्रीला सांगू नये.

कलणे वेगळे, कलंडणे वेगळे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. गाडी कलंडते की नाही हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : दोन चाकांमधील अंतर, वजनाच्या मध्याची उंची आणि वळणावरचा वेग. यांपैकी एकही गोष्ट स्टॅबिलायझर बदलू शकत नाही.

हिशेबासाठी समजा, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १४० सें.मी. आहे. त्याचे निम्मे ७०. माल फाळक्याच्या आत असून गाडी व माल यांच्या एकत्र वजनाचा मध्य जमिनीपासून १०० सें.मी. उंचीवर असेल, तर गाडी उलटायला एकूण वजनाच्या ७० टक्के इतका आडवा जोर लागतो. माल उंच रचून तो मध्य १२० सें.मी. वर गेला की ५८ टक्के जोर पुरतो. प्रत्यक्षात त्याहूनही कमी पुरतो, कारण पाटे दबून वजन बाहेरच्या अंगाला सरकते. स्टॅबिलायझर वाचवितो तो एवढा शेवटचा भाग.

आता वेगाचे पाहू. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० कि.मी. वेगाने गेले तर आडवा जोर वजनाच्या सुमारे २१ टक्के पडतो. त्याच वळणावर ३० कि.मी. वेग धरला तर तो सुमारे ४७ टक्के होतो. वेग दीडपट, पण जोर सव्वादोन पट. त्यात एक चाक खड्ड्यात गेले तर काय होईल ते सांगायला नको.

जाड दांड्याने गाडी कमी कलते, त्यामुळे ड्रायव्हरला वाटते, गाडी आता पक्की झाली. खरे म्हणजे कलणे ही गाडीने दिलेली ताकीद असते. ती ताकीद कमी झाली आणि वेग वाढला, तर सुधारणेसाठी खर्च केलेला पैसाच घात करतो.

आधी जुने दुरुस्त करावे

नवीन दांड्याला खर्च करण्याआधी पुढील गोष्टी मेस्त्रीकडून तपासून घ्याव्यात.

१) स्टॅबिलायझरचे बुश व लिंक : खडबडीत रस्त्यावर पुढून टक्-टक् आवाज येत असेल तर बहुधा हेच सैल झालेले असतात. बुश झिजले की दांडा असून नसल्यासारखा. पुष्कळ वेळा एवढ्या बदलाने काम भागते आणि खर्चही थोडा येतो.

२) टायर : चारही टायरमधील हवा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, मालासह असावी तेवढी ठेवावी. हवा कमी असली की टायर बगलेला दबतो व गाडी डुलते.

३) पाटे : एखादे पान तुटले आहे काय, यू-बोल्ट सैल आहेत काय, गाडी उभी असताना एका बाजूला बसलेली दिसते काय, हे पाहावे. जादा पान घातले म्हणून गाडीची पासिंगची क्षमता वाढत नाही.

४) शॉकॲब्सॉर्बर : तेल गळत असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत.

दांडा बदलायचाच असेल तर

पुढचा दांडा जाड केला तर वेगात वळताना गाडीचे तोंड वळणाबाहेर जाऊ पाहते. मागे जाड दांडा घातला तर उलट होते : शेपूट बाहेर फिरते. रिकामी पिकअप मागून हलकी असते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर हा दुसरा धोका मोठा. म्हणून पुढचा-मागचा मेळ राखावा आणि आपल्या मॉडेलसाठी तयार केलेलाच दांडा घ्यावा.

शिवाय आपल्या गाड्या नुसत्या डांबरीवर चालत नाहीत. शेताच्या वाटेवर एक चाक सरीत आणि दुसरे बांधावर असते. फार ताठ दांडा अशा वेळी चाकांना मोकळेपणाने खाली-वर होऊ देत नाही. एक चाक हलके पडते आणि गाडी जागच्या जागी चिखल उडवीत बसते. ज्यांचे निम्मे काम शेतवाटेवर आहे त्यांनी कंपनीचाच दांडा नव्या बुशांसह ठेवावा, असे आमचे मत आहे.

बसविताना गाडी सपाट जागी चाकांवर उभी ठेवून बोल्ट शेवटचे आवळावेत. रबरी बुशाला साधे ग्रीस लावू नये, रबर फुगून खराब होते. थोडे अंतर चालवून बोल्ट पुन्हा तपासावेत. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दांडा तापवून वाकविणे किंवा जोडणे सर्वस्वी टाळावे. स्प्रिंगच्या पोलादाचे पाणी त्याने उतरते आणि दांडा ऐन वळणावर तुटू शकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या रचनेतील फेरफारावर बंधने आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

बिनखर्चाची सुधारणा

बेणे लांबीच्या दिशेने, फाळक्याच्या आतच रचावे. पाचट न काढता आणावे, म्हणजे डोळ्यांना मार लागत नाही. जड पोती तळाशी ठेवावीत, दोर घट्ट बांधावा. एकाऐवजी दोन खेपा कराव्यात. दुसऱ्या खेपेचे डिझेल जड वाटते हे आम्हाला माहीत आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. त्या मानाने डिझेल स्वस्तच.

आणि मालावर माणूस बसवू नये. गाडी कलंडली तर मालक-ड्रायव्हरला निदान केबिनचा आडोसा असतो, वर बसलेल्या बाईला कशाचाच नसतो. दहा माणसांचे वजन सर्वांत उंच जागी असते, ते गाडीचा तोलही बिघडविते. त्यांच्यासाठी वेगळी सोय करणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

आधी भार कमी, मग वेग कमी, मग दुरुस्ती आणि सर्वांत शेवटी जाड दांडा, हा क्रम सभासदांनी पाळावा. लागणीला निघण्यापूर्वी गाडी एकदा मेस्त्रीच्या खड्ड्यावर घ्यावी, ही आमची आग्रहाची विनंती.

— ऊस विकास अधिकारी