क्रिबचे कठडे निघाल्यावर

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी ही टिपणं इथे वर्षानुवर्षं राहिलेल्या घरांकडून गोळा केली आहेत. व्हिसा, गाडीचं लायसन्स, शाळा यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. मूल क्रिबमधून, म्हणजे कठड्यांच्या छोट्या खाटेतून, मोठ्या बिछान्यावर आलं की रात्रीचं घर कसं बदलतं, हे मात्र कोणी सांगत नाही. ते कळेपर्यंत बहुतेकांच्या घरी एखादा प्रसंग घडून गेलेला असतो.

एडिसनच्या एका घरातली गोष्ट. मुलगी सव्वादोन वर्षांची. बाबाने शनिवारी क्रिबचा पुढचा कठडा काढला आणि झोपेत पडली तर लागू नये म्हणून खाली उशा अंथरल्या. ती पडली नाही. पहाटे तीनला आईला खालून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मुलगी अंधारात चौदा पायऱ्या उतरून स्वयंपाकघरात गेली होती. खुर्ची ओट्यापर्यंत ओढत नेऊन तिच्यावर उभी होती आणि डब्यातले शंकरपाळे खात होती. शेगडीची बटणं तिच्या पोटाशी होती. आई आजही सांगते, "खुर्ची वाजली म्हणून मी उठले. नुसती चालत गेली असती तर मला कळलंही नसतं."

म्हणून आमचं पहिलं सांगणं हे, की मूल पडेल याची काळजी करा, पण ते उठून चालू लागेल याची त्याहून जास्त करा. आपल्याकडे आई आणि आजी यांच्या मध्ये झोपलेलं मूल उठलं तर कोणाच्या ना कोणाच्या अंगावरूनच जातं. इथे त्याची खोली वेगळी, दार लोटलेलं, आणि जाड गालिच्यावर पावलं वाजत नाहीत. गावाकडच्या घरात आपोआप होणारी राखण इथे आपल्याला मुद्दाम करावी लागते.

घाई करू नका. क्रिबची गादी सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवूनही मूल कठड्यावर पाय टाकू लागलं, किंवा त्याची उंची ३५ इंच, म्हणजे सुमारे ८९ सेंटिमीटर झाली, की क्रिब सोडायची असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. तोवर क्रिबच सुरक्षित. धाकटं येणार म्हणून थोरल्याला घाईने उठवण्यापेक्षा दुसरी क्रिब आणा. फक्त जुनी घेताना बघून घ्या. पुढचा कठडा खालीवर सरकणाऱ्या क्रिब २८ जून २०११ पासून इथे विकायला बंदी आहे, कारण कठडा निखळून पडणाऱ्या फटीत अडकून बाळं दगावली होती. पण कोणाच्या ना कोणाच्या गॅरेजमध्ये तशी एखादी असतेच, आणि नव्याने आलेल्यांना ती प्रेमाने दिली जाते. नको म्हणायला संकोच करू नका.

मोठा बिछाना म्हणजे दुकानातला उंच पलंगच हवा असं नाही. आमच्यातल्या निम्म्या घरांनी सरळ गादी जमिनीवर टाकली, आणि आमच्या मते तेच उत्तम. आपण सगळे तसेच वाढलो. तळघरात किंवा दमट खोलीत ती सकाळी उभी करून ठेवा, नाहीतर खालून बुरशी धरते. पलंगाला अडकवायचा सुटा कठडा दोन ते पाच वर्षांच्या, स्वतःहून चढ-उतार करणाऱ्या मुलांसाठीच असतो. गादी आणि कठडा यांत फट राहू देऊ नका, आणि भिंत व गादी यांतही नको. दोन मजली बंक बेडवर सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये.

आता खोली. रात्री दिवा मालवून, मोबाइलचा उजेड घेऊन मुलाच्या गादीवर एकदा आडवे व्हा. हाताला काय लागतं, डोळ्यांना काय दिसतं ते पाहा. पहिली दिसते ती कपड्यांच्या खणांची उंच ड्रेसर. मुलाला ती जिन्यासारखी वाटते. खालचा खण ओढून त्यावर पाय, मग मधला ओढून त्यावर हात, आणि तिन्ही खण बाहेर आले की सगळा भार पुढे येऊन ड्रेसर मुलासकट कोसळते. अशा अपघातांत मुलं गेल्यावर इथे कायदा झाला आणि सप्टेंबर २०२३ पासून बनणाऱ्या ड्रेसर सहज कलंडणार नाहीत अशा कराव्या लागतात. पण आपल्या घरात येते ती बहुधा आधीच्या भाडेकरूची, नाहीतर कोणीतरी रस्त्याच्या कडेला ठेवलेली. ती भिंतीला बांधाच. इथली भिंत पोकळ असते. नुसत्या ड्रायवॉलमध्ये मारलेला स्क्रू धक्क्यासरशी प्लास्टरसकट बाहेर येतो. आतला लाकडी खांब, म्हणजे स्टड, शोधा. ते साधारण १६ इंचांवर एक असे असतात. बोटांनी ठोकत गेलात की पोकळ आवाज जिथे भरीव होतो तिथे तो आहे. पट्टा त्यात घट्ट बसवा. घर सोडताना भोक बुजवायला दहा मिनिटं लागतात, म्हणून डिपॉझिटच्या भीतीने हे टाळू नका.

खिडकीच्या पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या गळ्याला फास बसवतात. जून २०२४ पासून इथे मापावर बनवून घेतलेले पडदेही मोकळ्या दोरीविना मिळतात, पण जुन्या अपार्टमेंटमध्ये दोऱ्या अजून आहेत. पडदे बदलेपर्यंत त्या मुलाच्या आवाक्याबाहेर उंच गुंडाळून ठेवा आणि बिछाना खिडकीपासून दूर हलवा. खिडकीच्या जाळीवर विसंबू नका. ती डास अडवते, मूल नाही. दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल असलेल्या भाडेकरूने लेखी मागणी केली, तर न्यू जर्सीत अपार्टमेंटच्या मालकाला खिडक्यांना गज बसवून द्यावे लागतात. तळमजल्याच्या (इथे त्यालाच पहिला मजला म्हणतात) खिडक्यांना ही सक्ती सहसा लागू नाही, आणि आगीच्या वेळी बाहेर पडायच्या खिडक्यांनाही नाही. मागणी तोंडी नको, लेखीच करा.

गळ्यातल्या काळ्या दोऱ्याबद्दल सांगणं अवघड जातं, तरी सांगतो. दृष्ट लागू नये म्हणून आजीने बांधलेला तो दोरा, किंवा बारशाची साखळी, झोपताना उतरवून ठेवा. क्रिबमध्ये मूल गुळगुळीत गजांमध्ये होतं. आता ते खुंट्या, दारांच्या मुठी, खणांची हँडल यांच्यात एकटं फिरणार आहे, आणि दोरा त्यांत अडकू शकतो. आजीला हे असंच सांगा, ती समजून घेते. आमच्या एका घरी आजीने स्वतःच तो दोरा काढून उशाशी, देवाच्या फोटोला बांधला.

खोलीबाहेर आपल्या घरांतल्या तीन गोष्टींचं आम्हाला सगळ्यात जास्त भय वाटतं.

पहिली गोष्ट देवघरातला कापूर. इथे औषधी मलमांत कापूर ११ टक्क्यांहून जास्त घालता येत नाही. आपल्या पूजेची वडी जवळजवळ निव्वळ कापूर असते. तो थोडासा पोटात गेला तरी लहान मुलाला काही मिनिटांत आकडी येऊ शकते. आणि मुलाच्या नजरेने बघा. रोज त्याच चौरंगावरून, त्याच आजीच्या हातून त्याला प्रसादाची खडीसाखर मिळते. पांढरा खडा पाहून ते तोंडात घालणारच, त्यात त्याची काय चूक? कापूर आणि काड्यापेटी उंच कपाटात, कडीच्या आत ठेवा.

दुसरी गोष्ट आजी-आजोबांची औषधं. ते सहा महिन्यांसाठी येतात आणि सहा महिन्यांच्या गोळ्या बरोबर आणतात. इथल्या बाटल्यांना मुलांना उघडता येणार नाहीत अशी झाकणं असतात. आपल्याकडच्या पाकिटातली गोळी मात्र अंगठ्याने दाबली की बाहेर येते, आणि आठवड्याच्या डबीला तर साधं झाकण. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी एकच गोळी लहान मुलाची साखर जिवावर बेतेल इतकी उतरवू शकते, तीही काही तासांनी, म्हणजे मूल पुन्हा झोपी गेल्यावर. पिस्कॅटवेच्या एका घरी आजोबांची डबी उशाखाली असायची. नातू पहाटे त्यांच्या कुशीत शिरायचा. पाहुण्यांच्या खोलीत आता उंचावर कुलपाची पेटी आहे, आणि आजोबा किल्ली जानव्याला बांधतात.

तिसरी गोष्ट न्हाणीघरातली बादली. आपण इथेही बादली-मग ठेवतोच. भरलेल्या बादलीत मूल डोकावलं की डोक्याच्या भाराने आत जातं आणि त्याला परत वर येता येत नाही. दोन-तीन इंच पाणीही पुरतं. रात्री बादली रिकामी करून पालथी घाला.

मुलाने काही गिळल्याची शंका जरी आली, तरी ओकारी काढायच्या भरीला पडू नका. विष-मदत केंद्राला फोन करा: १-८००-२२२-१२२२. फोन चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि दुभाषी मागता येतो. आकडी आली, शुद्ध हरपली किंवा श्वास अडकला तर थेट ९११.

मुलाच्या खोलीला बाहेरून कडी लावावी का, यावर आमच्यात खूप वाद झाला. काही घरांनी लावली होती. एका आईने सांगितलं, की सकाळी मूल दाराशीच जमिनीवर झोपलेलं सापडलं, बोटं दाराखालच्या फटीत. तिने त्याच दिवशी कडी काढली. आम्हीही लावू नका असंच म्हणतो. घराला आग लागली तर कड्या उघडत बसायला वेळ नसतो, आणि धुराच्या अलार्मने लहान मुलं बऱ्याचदा जागी होत नाहीत, त्यांना उचलायला तुम्हालाच जावं लागतं. दार लोटून बंद ठेवा, कारण बंद दार आग आणि धूर बराच वेळ बाहेर थोपवतं. जिन्याच्या वरच्या तोंडाशी भिंतीत स्क्रूने पक्कं बसवलेलं गेट लावा. नुसतं दाबून बसणारं गेट तिथे चालत नाही, मुलाच्या रेट्याने ते सुटतं आणि दोघं मिळून खाली जातात. बाहेरच्या दाराला वर, मुलाचा हात पोचणार नाही अशी कडी लावा आणि दार उघडताच वाजणारी घंटी बसवा. जानेवारीत पायजम्यावर अंगणात गेलेल्या मुलाला हाक मारायला रस्त्यावर कोणी नसतं.

शेवटचं, आणि आमच्या अनुभवाने सगळ्यात महत्त्वाचं. भारतवारीनंतरचा पहिला आठवडा. पुण्याच्या आणि इथल्या घड्याळात उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर. मूल रात्री दोनला टक्क जागं, भुकेलं, खेळायला तयार. तुम्ही विमानप्रवासाने मेल्यासारखे झोपलेले. महिनाभर घर बंद होतं म्हणून गेट काढून ठेवलेलं, आणि हॉलमध्ये उघड्या बॅगांत चिवड्याच्या पुड्यांशेजारी औषधांची पाकिटं आणि कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या. आम्हाला मिळालेले बरेचसे प्रसंग याच आठवड्यातले आहेत. त्या रात्रींत आई-बाबांनी पाळी लावून एकाने मुलाच्या खोलीतच झोपावं. आणि विमानतळावरून घरी याल तेव्हा आधी जिन्याचं गेट लावा. बॅगा सकाळी उघडा.