जुनी गोल करवत : खरेदी-विक्रीचा एक पाठ

सातपुड्याच्या कुशीतील तळोदा, अक्कलकुवा परिसराला सागवान नवे नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जो सुतारकामात उतरेल, तो बहुधा बिडाच्या तक्त्याची जुनी गोल करवत शोधेल. अशा व्यवहारात पैशांबरोबर बोटेही पणाला लागतात, म्हणून हा छोटासा पाठ.

प्रथम वीज तोडावी. आस हलवून पाहावा. तो खुळखुळल्यास बेअरिंग झिजलेले समजावे. तक्त्यावर सरळ पट्टी ठेवून बाक व तडा तपासावा. पात्याच्या एका दातावर खूण करावी. तो दात पुढे व मागे फिरवून तक्त्यातील खाचेपासूनचे अंतर दोन्ही ठिकाणी मोजावे. ते असमान असल्यास लाकूड पात्याला घासून उलटे फेकले जाऊ शकते.

मोटर मिनिटाला १,४४० फेऱ्यांची, तिची पुली ६ इंची आणि आसावरील ३ इंची असल्यास पाते सुमारे २,८८० फेऱ्या घेते. पात्यावर छापलेली मर्यादा याहून कमी नसावी.

जुन्या यंत्रांत पात्यावरील झाकण आणि मागील फाळ अनेकदा गहाळ असतात. ते बसविल्याविना काम सुरू करू नये. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्येही यंत्रांच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण सांगितले होते. ओंडके चिरणारी आरागिरणी चालविण्यास वनखात्याचा परवाना लागतो, हेही ध्यानी असावे.

विक्रेत्याने यंत्र चालवून दाखवावे, दोष सांगावेत, पावती द्यावी. आज दडविलेली झीज उद्या कुणाच्या तरी हातावर घाव होऊन उमटते.