काळी आणि पांढरी

आपल्या वऱ्हाडात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात : पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. मातीच्या भिंती ढासळतात, त्याच जागी नवी घरे उभी राहतात. चुलीची राख, शेण, फुटकी खापरे तीत मिसळतात. माती फिकट होत जाते आणि गाव हळूहळू उंचावते. पुरातत्त्वज्ञ ज्याला प्राचीन वसाहतीचे टेकाड म्हणतात, ती आपली पांढरीच होय.

सामान्यांच्या वस्तीकडे अभ्यासकांची दृष्टी उशिरा वळते, हा अनुभव सर्वत्र सारखा आहे. ब्रिटनच्या उत्तरेस रोमन सम्राट हेड्रियन याने इ. स. 122 मध्ये सीमेवर तट बांधण्यास आरंभ केला. तेथे प्रथम लष्करी ठाण्यांचा व शिलालेखांचा अभ्यास झाला. शेतकऱ्यांची लाकूड-मातीची घरे केव्हाच लोपली होती. पुढे विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत पिकांच्या कमीअधिक वाढीवरून बुजलेले चर व गोल घरांच्या खुणा ओळखू आल्या, आणि तटाभोवतीचा शेतकरी इतिहासात आला.

आपल्याकडे पांढरी तर उघड्या डोळ्यांना दिसते. आपल्याच तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी असलेल्या कौंडिण्यपूर येथे डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी 1962 ते 1964 या काळात उत्खनन केले. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेकाठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. भास्कर देवतारे यांनी केलेल्या उत्खननात विटांचा स्तूप आणि भाजक्या मातीची कडी रचून केलेल्या विहिरी उजेडात आल्या. हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येत असल्याने त्याच्या रक्षणाचा प्रश्न उभा राहिला.

स्तूप वाचावा, असे आपणा सर्वांस वाटते. परंतु भिक्खूंचा निर्वाह गृहस्थांच्या दानावर चाले. ज्या घरांतून भिक्षा मिळाली, त्या घरांची चूल, रांजण आणि दाणे हीदेखील धम्माच्या इतिहासाची साधने आहेत. स्तूप राखला आणि पांढरी गमावली, तर दान राहील, दाता हरवेल.

पांढरीची माती शेतासाठी वा बांधकामासाठी खणून नेली की हा दाता कायमचा पुसला जातो. खालचा थर जुना, वरचा नवा, या क्रमावरूनच काळ ठरतो. थर मोडला की खापर मुके होते. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावची पांढरी ओळखावी, तिची नोंद ठेवावी, काही आढळल्यास ते न हलवता पुरातत्त्व विभागास कळवावे. ज्यांची नावे कोणी कोरली नाहीत, त्या आपल्या पूर्वजांचा लेख या मातीतच आहे.